पहिल्या हाकेला ओ

१२ ऑगस्ट १९७९

टिल्ल्या,

घाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. काल दुपारी काचेच्या कारखान्याच्या फाटकावर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. भट्टीसमोर जाळी बसवा, माणसं भाजतात, एवढंच त्या कामगारांचं मागणं होतं. दवाखान्यात आठ जण आणले, त्यातले सात येतानाच गेलेले. डॉक्टर सुट्टीवर. म्हणजे अपघात विभागात मी, एक कंपाउंडर आणि झाडणारी बाई. फरशीवर इतकं रक्त की कंपाउंडर दोनदा घसरला. दुसऱ्यांदा उठलाच नाही, तिथेच बसून रडायला लागला. म्हटलं, रड बाबा, पण कापूस धरून रड.

आमच्याकडे जखमांचं एक रजिस्टर असतं. जखम कुठे, केवढी, कशाने झाली, सोबत कोण आलं, त्याचं नातं काय, असे रकाने. मी एकेकाला पालथं करून रकाने भरले. सहा जणांना पाठीत, एकाला मानेत, तीही मागून. पोलीस म्हणतात जमाव आमच्या अंगावर धावून आला. पाठीने धावून येणारा जमाव मी तरी पाहिलेला नाही. तू वकील आहेस, तू पाहिला असशील तर कळव. एका म्हाताऱ्याच्या मुठीत जेवणाच्या डब्याची कडी होती. मेल्यावरही सोडेना. एकेक बोट उचकटून काढावं लागलं. डबा तसाच भरलेला होता.

भट्टीवरचा एकजण वाचला. पूर्वी कुस्ती खेळायचा म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणतात. गोळी उजव्या खांद्याच्या फऱ्यात अडकलीय. भूल द्यायला औषध नव्हतं. स्वतःचा पट्टा दातात धरून पडला होता, पट्टा तुटला पण तो ओरडला नाही. शुद्धीवर आला तेव्हा मनगटात बेडी. दंगल केली म्हणून त्याच्यासकट एकेचाळीस जणांवर खटला भरतायत.

शहरात बसून माश्या मारतोय असं तूच मागच्या पत्रात लिहिलंस. मग ये इकडे, आणि मारायचंच तर काहीतरी मोठं मार.

ताई


१७ ऑगस्ट १९७९

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर जेवण गेलं नाही. परवाच्या गाडीने येतोय. एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांचं वकीलपत्र मी घेतो. पण त्याआधी मी सांगतो तसं कर, आणि या वेळी तरी धाकट्याचं ऐक.

रजिस्टरमध्ये तुझं मत एका शब्दानेही लिहू नकोस. ‘बिचारा’ नको, ‘निर्दयपणे’ नको. बोटाला जे लागलं आणि डोळ्याला जे दिसलं तेवढंच. शाईने लिही, प्रत्येक पानावर सही कर, मधे कोरी ओळ सोडू नकोस. अशी नोंद असली की तिला कोणी हलवू शकत नाही. उद्या मी स्वतः उलटतपासणीला उभा राहिलो तरी मलाही तुला हलवता येणार नाही. आणि कागदाचं चिठोरंही फेकायचं नाही. माझी पत्रंसुद्धा ठेव.

आता एक गंमत सांगतो. तो डबा कुठल्याच जबाबात येऊ देऊ नकोस. कंपाउंडरलाही गप्प बस म्हणावं. खटल्यात एक गोष्ट नेहमी मागे ठेवायची. खोटं बोलणाऱ्याला सगळं माहीत असतं, पण आपल्याला कुठून काय कळलं हे त्याच्या लक्षात राहत नाही. चिडला की ती एक गोष्ट तो आपणहून बोलून जातो. आपण फक्त वाट बघायची.

आणि कृपा करून पाकिटावर ‘टिल्ल्या’ लिहू नकोस. पोस्टमन जिन्यातूनच ओरडतो, आणि खालच्या मजल्यावर माझे होऊ घातलेले अशील राहतात.

टिल्ल्या


३ फेब्रुवारी १९८१

टिल्ल्या,

सुखरूप पोचले. कान अजून वाजतायत. एकेचाळीसही सुटले तेव्हा जो आरडाओरडा झाला, तसा मी जन्मात ऐकला नव्हता.

तो इन्स्पेक्टर डोळ्यांसमोरून हलत नाही. सकाळभर कसा ताठ उभा होता! आम्ही शंभर पावलांवर होतो, धूर होता, कोण पडलं दिसलं नाही, नंतरही जवळ गेलो नाही. तू आपला बावळटासारखा विचारतोयस, मग म्हाताऱ्याला कशाला मारलंत, तो तर रिकाम्या हाताने पळत होता. आणि तो भडकून म्हणतो, ‘रिकामा कसला, डबा होता हातात! आत काय आहे ते आम्हाला काय माहीत?’ तू चष्मा पुसलास आणि हळूच विचारलंस, ‘शंभर पावलांवरून, धुरातून, डबा?’ म्हाताऱ्याच्या पाठीला चिकटून उभा होता तो मेला इन्स्पेक्टर. जखमेच्या कडेची कातडी जळली होती, ते मी लिहिलंच होतं.

माझ्याकडून एक घोटाळा झाला त्याबद्दल माफ कर. तासभर बोलून तुझा घसा बसला, आणि मी मागून ‘टिल्ल्या, पाणी पी’ म्हणून ओरडले. तूही कमालच केलीस. काळा कोट, समोर न्यायाधीश, आणि तू वळून म्हणतोस ‘ओ!’ न्यायाधीशसुद्धा हसले. आईची सवय. पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर पाठीत धपाटा बसायचा, म्हणून झोपेतसुद्धा ओ द्यायचास. आता त्या नावाने तुला हाक मारणारी मी एकटीच उरले.

पहिलवान भेटला. म्हणतो, वकीलसाहेबांसाठी जीव देईन. म्हटलं, एकदा देऊन झालाय, आता ठेव जवळ.

ताई


२० फेब्रुवारी १९८५

टिल्ल्या,

आमदारकीला उभा राहिलास ते बरंच केलंस. पहिलवान सूचक म्हणून तुझ्या अर्जावर सही करून आला आणि त्याने सगळ्या वॉर्डाला चहा पाजला. पण आज जे झालं ते तुला कळायला हवं.

दुपारी सायकल दुरुस्तीवाल्याला आणलं. तो समोरच्या उमेदवाराचा प्रचार करतो, सभांमधून तुझ्या नकला करतो. खालचा जबडा दोन ठिकाणी तुटलाय. चार दात गेले, त्यातला एक घशात अडकला होता, मी चिमट्याने काढला. डाव्या डोळ्याचं काही खरं नाही. त्याच्याच दुकानातली सायकलची साखळी वापरलीय. गालावर कड्यांचे ठसे मोजता येतात, मी मोजले, अकरा आहेत. बोलता येईना म्हणून पाटी दिली. त्याने एकच शब्द लिहिला, पहिलवान.

मागे गेले तर पहिलवान नळावर हात धूत होता. मी विचारलं, हे काय केलंस? तो म्हणाला, ‘साहेब म्हणाले, त्याचं तोंड बंद करा.’ म्हटलं, अरे मेल्या, तोंड बंद करणं म्हणजे असं असतं का? तर खाली बघून म्हणतो, ‘सिस्टर, मला दुसऱ्या रीतीने बंद करता येत नाही.’

तू खरंच असं म्हणालास का?

ताई


२४ फेब्रुवारी १९८५

ताई,

मला फार वाईट वाटलं. सायकलवाल्याला शहरात न्यायची सोय करतो.

अगं, दिवसाला आठ सभा घेतो मी. गाडीत बसता बसता कोणीतरी म्हणतं, तो असं बोलला, तो तसं बोलला. मी म्हटलं असेन, बंद करा त्याचं तोंड. माणूस बोलण्याच्या भरात बोलतो. त्याचा कोणी असा अर्थ घेईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पहिलवानाला मी चांगलं झापलंय.

पण ताई, आता मतदानाला आठ दिवस उरलेत. मी पडलो तर भट्टीसमोर जाळी बसवणारा कोणी नाही. पोलीस विचारायला आलेच तर तो पाटीवरचा शब्द तेवढा सांगू नकोस. खोटं बोल असं मी म्हणत नाही. फक्त विचारल्याशिवाय सांगू नकोस.

टिल्ल्या


५ एप्रिल १९८५

टिल्ल्या,

जिंकलास. आनंद झाला, नाही कशाला म्हणू? गुलालाने माखलेला तुझा फोटो वॉर्डातल्या भिंतीवर लावलाय.

पोलीस आले होते. त्यांनी पाटीचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सायकलवाल्याचा डोळा गेला. दर आठवड्याला पट्टी बदलायला येतो, मला ‘सिस्टर, बरी आहेस ना’ असं विचारतो. मला त्याच्या उरलेल्या डोळ्याकडे बघवत नाही. हे तुझ्यासाठी केलं. पुन्हा करणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

जाळीचं विसरू नकोस.

ताई


११ जून १९९४

ताई,

काल शपथ घेतली. गृहखातं मिळालं! आई असती तर म्हणाली असती, टिल्ल्या, पोलीस घरी आले की पलंगाखाली लपायचास, आता तेच सलाम ठोकतात. दारात चार बंदूकवाले उभे असतात. चप्पल घालायला वाकलो तर पाचवा धावतो.

एक लक्षात ठेव. मला फोन करू नकोस. फोन ऐकले जातात, आणि ऐकणारे माझ्याच खात्याचे असतात. काय हसतेस? खरंच. तेव्हा आपलं पत्रच बरं. पाकिटावर माझ्या जुन्या घराचा पत्ता घाल आणि वाचून झालं की जाळून टाक.

जाळीचं मी मालकाशी बोललोय. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही. माझ्या प्रचाराला गाड्या त्याच्याच होत्या, हे तुला कोणीतरी सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगतो.

टिल्ल्या


८ नोव्हेंबर १९९६

टिल्ल्या,

काल पुन्हा तेच फाटक.

गेल्या महिन्यात भट्टी फुटली आणि तीन जण जिवंत भाजले, हे तुला ठाऊक आहे. जाळी अजून बसलेली नाही. म्हणून चारशे कामगार तुला भेटायला निघाले होते. दगड नाही, काठी नाही. पुढे पहिलवान, हातात तुझा फोटो. हो, तोच गुलालाचा, माझ्या वॉर्डातून मागून नेला होता. सकाळी मला म्हणाला, ‘सिस्टर, घाबरू नका, साहेब आपलेच आहेत. ते आपल्यावर गोळी चालवणार नाहीत.’

सहा जण आणले. सहाही मेलेले. एकाचं डोकं मागून फुटलं होतं, त्याच्या बायकोने त्याला पायातल्या मोज्यावरून ओळखलं. एक पळता पळता फाटकाच्या भाल्यांवर चढला आणि तिथेच गोळी लागली. भाला मांडीतून आरपार, माणूस उलटा लोंबकळत होता. त्याला उतरवायला कंपाउंडर गेला. हा तोच कंपाउंडर, पण आता रडत नाही.

सहावा पहिलवान. मी त्याला पालथा केला. उजव्या फऱ्यात जुना व्रण, मीच शिवलेला, तुझ्या पहिल्या खटल्यातला. त्याच्या तीन बोटं खाली नवीन भोक. मी रजिस्टरमध्ये दोन्ही लिहिले. फोटो सदऱ्याच्या आत होता, भिजून छातीला चिकटला होता, सोलून काढावा लागला.

सहाही मागून. शाईने लिहिलंय. सही केलीय. कोरी ओळ सोडलेली नाही. तू गोळी चालवायला सांगितलंस का, ते मला सांग.

ताई


११ नोव्हेंबर १९९६

ताई,

हुकूम खालच्या अधिकाऱ्याने दिला. मी त्याला एवढंच म्हटलं होतं, मोर्चा राजधानीपर्यंत पोचता कामा नये.

पहिलवानासाठी मी रडलो. खरं सांगतो. पण रडून भागत नाही. विधानसभेत माझ्या राजीनाम्याची मागणी चाललीय, म्हणून मीच चौकशी आयोग नेमला. न्यायमूर्ती निवृत्त आहेत, सरळ आहेत, कागद बघतील तसं लिहितील. पोलिसांचे कागद ठीक आहेत. जमाव अंगावर आला, पहिलवानाच्या हातात पिस्तूल होतं. पिस्तूल सापडलंय.

उरलं तुझं रजिस्टर. तेवढं एक पान. दवाखान्यात पाणी गळतं, उंदीर आहेत, रजिस्टरं खराब होतात. नवीन पाठवून देतो, त्यात तू शांतपणे पुन्हा लिही. जखम कुठे लिहायची ते डॉक्टर सांगतील. पुढच्या महिन्यात तुला मेट्रन करायचं मनात आहेच, ते यासाठी नाही, तू ती कधीच व्हायला हवी होतीस.

माझं एवढं एक काम कर. वाचून जाळ.

टिल्ल्या


१५ नोव्हेंबर १९९६

टिल्ल्या,

पिस्तूल सापडलं म्हणतोस. पहिलवानाच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं सात वर्षांपूर्वी कापावी लागली, भट्टीच्या काचेने. कापली मीच. त्या पोलिसाला सांग, पुढच्या वेळी पिस्तूल ठेवताना बोटं मोजत जा.

शाई वाळलीय रे. पान मिळणार नाही. मेट्रनची खुर्ची तुझ्या त्या मालकाला दे.

एकदा सायकलवाल्याच्या वेळी गप्प बसले. त्या दिवशी बोलले असते तर पहिलवान तुरुंगात गेला असता, आणि आज जिवंत असता. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

ताई


१९ नोव्हेंबर १९९६

ताई,

तुला कळत नाहीये. आता हे माझ्या एकट्याच्या हातात राहिलेलं नाही. माझ्याभोवती जी माणसं आहेत ती माझ्यासारखी नाहीत. मी त्यांना किती दिवस थोपवू?

हात जोडतो. रजिस्टर दे.

टिल्ल्या


२६ नोव्हेंबर १९९६

टिल्ल्या,

अक्षर वाचता येत नसेल तर माफ कर, डाव्या हाताने लिहितेय. काल दुपारी माझ्या खोलीवर दोन माणसं आली होती. रजिस्टर मागत होती. माझ्या उजव्या हाताला लागलंय. रजिस्टर त्यांना मिळालं नाही.

तुला यातलं काही माहीत नसेल म्हणून कळवतेय.

ताई


२९ नोव्हेंबर १९९६

ताई, माझी ताई,

माझं रक्त खवळलंय. ज्या हरामखोरांनी तुझी बोटं कपाटाच्या दारात चिरडली, त्यांना मी पाताळातून शोधून काढीन. त्यांची हाडं मोडली नाहीत तर नावाचा नाही. राजधानीतला सगळ्यात मोठा हाडांचा सर्जन उद्या विमानाने पाठवतोय. दारावर दोन शिपाई बसवतोय, माझ्या खास विश्वासातले.

पण बघ, मी काय सांगत होतो? ते रजिस्टर तुझा जीव घेईल. सर्जनसोबत माझा सचिव येईल, त्याच्याकडे दे आणि मोकळी हो. मला झोप नाही गं.

टिल्ल्या


२ डिसेंबर १९९६

टिल्ल्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

मी तुला लिहिलं, हाताला लागलंय. बोटांचं लिहिलं नव्हतं. कपाटाचं तर नाहीच. डॉक्टरला मी सांगितलं, जिन्यावरून पडले. कंपाउंडरला तेच, शेजारणीलाही तेच. कपाटाचं दार माहीत असलेली माणसं तीन. ते दोघं आणि मी. चौथा तू निघालास.

एक गोष्ट मागे ठेवायची, खोटं बोलणारा चिडला की आपणहून बोलून जातो. आठवतं? कोणी शिकवलं?

आणि हे मी तुला पकडायला केलं नाही रे. मनातून मी देवाला विनवत होते की तू ‘ताई, काय झालं, कुठे लागलं, कोणी मारलं’ असं विचारावंस. एकदा जरी विचारलं असतंस!

आता ऐक, काय झालं ते. एकाने आधी प्यायला पाणी मागितलं. मी दिलं. पिऊन पेला जागेवर ठेवला, मग कपाट उपसलं. रजिस्टर नव्हतं. तेव्हा दुसऱ्याने माझे केस धरले आणि पहिल्याने माझी चार बोटं दाराच्या बिजागरीत ठेवली. दार पायाने लोटलं. कुठंय? मी सांगितलं नाही. पुन्हा लोटलं. तिसऱ्यांदा मधल्या बोटाचं हाड बाहेर आलेलं मी बघितलं. चौथ्यांदा काय झालं ते माहीत नाही, शुद्ध गेली. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट डॉक्टरने परवा कापलं. दवाखान्याच्या त्याच टेबलावर.

रजिस्टर वापरलेल्या पट्ट्यांच्या डब्यात तळाला होतं. पू आणि रक्ताच्या त्या चिंध्यांत हात घालायची हिंमत तुझ्या माणसांत नसते. काल ते मी न्यायमूर्तींच्या हातात दिलं. सोबत तुझी पत्रं. सगळी. एकही जाळलं नव्हतं. चिठोरंही फेकायचं नाही म्हणालास ना, तेच आधी शिकले होते.

मी माझीही नोंद केलीय. स्त्री, वय चोपन्न. जखम कुठे, केवढी, कशाने, सगळं. नात्याचा रकाना तेवढा कोरा ठेवलाय. आयुष्यात पहिल्यांदाच कोरा ठेवला.

सर्जन परत पाठवला.

ताई


६ डिसेंबर १९९६

ताई,

आईची शपथ, तुला हात लावा असं मी म्हटलं नव्हतं. रजिस्टर आणा म्हटलं. ते म्हणाले, बाई ऐकणार नाही. मी म्हटलं असेन, काय करायचं ते करा. त्यांनी संध्याकाळी येऊन सांगितलं तेव्हा मला उलटी झाली. खरंच झाली. मग तोंड धुतलं आणि विधानसभेत जाऊन भाषण केलं. काय करणार होतो?

आता नीट ऐक, वकील म्हणून सांगतो. रजिस्टरचं मी बघून घेईन, मागून गोळी लागली तरी हुकूम माझा होता हे त्यातून ठरत नाही. मला बुडवतील ती पत्रं. पण त्या पत्रांवर माझं नाव कुठेही नाही. एकावरही नाही. सगळीकडे टिल्ल्या. हे नाव ना माझ्या शाळेच्या दाखल्यावर, ना सनदेवर, ना मतदार यादीत. अक्षर माझं नाही, मजकूर कोणीतरी रचलाय, असं सांगणारे दहा तज्ज्ञ उभे करीन. कोर्टातली ती ‘ओ’ कुठल्याही कागदावर नाही. टिल्ल्या म्हणजे मी, हे शपथेवर सांगणारं जगात एकच माणूस आहे.

तू फक्त ‘आठवत नाही’ म्हण. खोटं नाही बोलायचं. आठवत नाही. त्या उत्तराला जगातला कुठलाही वकील हलवू शकत नाही.

नाहीतर मला तुरुंगात टाकतील ताई. ज्यांना मी आत टाकलं त्यांच्यामध्ये. तिथे माझं काय होईल ते तुला माहीत आहे. आई जाताना तिने माझा हात तुझ्या हातात दिला होता.

टिल्ल्या


१२ डिसेंबर १९९६, आयोगाचं दालन, सकाळी पावणेअकरा

टिल्ल्या,

ही चिठ्ठी शिपायाच्या हाती देतेय. तू समोर तिसऱ्या बाकावर बसलायस, मान खाली घालून. केस विरळ झालेत. खात नाहीस का काही?

पहिल्या साक्षीला मीच आहे. बाहेर त्या सहा जणांच्या बायका बसल्यात. मोज्यावरून नवरा ओळखणारी माझ्या शेजारीच होती, तिने माझ्या हाताची पट्टी नीट केली. सायकलवालाही आलाय. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं, पाटीचंसुद्धा. तो म्हणाला, मला माहीत होतं सिस्टर.

आईने तुझा हात माझ्या हातात दिला, ते खरं. त्याच हाताने तुला घास भरवला, पाटीवर अक्षर गिरवून दिलं, आणि त्याच हाताची बोटं तू गमावलीस. तुझी नसतील, माझी असतील, पण गमावलीस तूच. मला तुझा राग येतो आणि तुझी दयाही येते. तुरुंगात गेलास तर दर महिन्याला भेटायला येईन. कोणी मारलं तर पट्टी बांधीन. ते माझं काम आहे.

‘आठवत नाही’ मला म्हणता येणार नाही. मला सगळं आठवतं. म्हाताऱ्याची मूठ आठवते, साखळीचे अकरा ठसे आठवतात, पहिलवानाच्या छातीवर चिकटलेला तुझा फोटो आठवतो.

न्यायमूर्तींनी पत्रांचा गठ्ठा पुढ्यात घेतलाय. पहिला प्रश्न काय असणार हे तुलाही ठाऊक आहे. ही पत्रं लिहिणारा टिल्ल्या कोण? मी नाव सांगणार नाही. बोट दाखवणार नाही, दाखवायला उजव्या हाताला धड बोटंही उरली नाहीत. मी पिंजऱ्यातून फक्त हाक मारीन, आई मारायची तशी.

तू पहिल्या हाकेला ओ दे.

ताई